पिशवी उलटी करा

थोरला रविवारी जेवायला येतो म्हणाला, तेव्हाच धाकटीच्या मनात पाल चुकचुकली. थोरला कधी जेवायला येत नसे, तो येऊन जात असे. मोठ्या हॉस्पिटलातला सर्जन. दारात गाडी तशीच सोडून वर यायचा, आईच्या पायांवर बोट दाबून सूज बघायचा, गोळ्यांची स्ट्रिप उचलून किती उरल्यात ते पाहायचा आणि दोन जिने उतरताना फोनवर बोलायला लागायचा. असा माणूस खुर्ची ओढून निवांत बसणार, म्हणजे काहीतरी काढणार. आणि काढणार म्हणजे खालच्या खोलीचाच विषय.

खालची खोली म्हणजे बाबांचा दवाखाना. रस्त्याकडे उघडणारं दार, आत दोन बाक, हिरव्या पडद्याआड तपासायचं टेबल आणि सगळ्यावर स्पिरिटचा एक जुना, मुरलेला वास. बाबा गेल्यावर तो धाकटीनं चालवायला घेतला. तिघं भावंडं डॉक्टर, पण सर्दी-खोकला, पोटदुखी आणि घरातल्या कटकटींनी चढलेला रक्तदाब असलं सगळं बघणारी ती एकटी. घर आईच्या नावावर. आई वर राहायची. धाकटी सकाळी तिच्या घरून यायची, दवाखाना चालवायची आणि रात्री परत जायची.

त्या खोलीत आता थोरल्याला स्कॅनचं मशीन बसवायचं होतं. एकट्याला नाही, मधलीबरोबर. मधलीची रक्त तपासायची लॅब होती आणि तिचा नवरा स्कॅन बघणारा डॉक्टर, त्यामुळे घरातल्या घरात सगळं जुळून आलेलं. धाकटीला खरा घाव बसला तो मधलीचा. लहानपणी दोघी एका पांघरुणात झोपून थोरल्याविरुद्ध कट करायच्या. त्याच्या वह्या लपवायच्या, त्याची नक्कल करायच्या आणि मार एकीला बसला तर दुसरी आपणहून रडायची. ती मधली आज थोरल्याच्या गाडीतून आली आणि त्याच्याच शेजारच्या खुर्चीवर बसली. धाकटीनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

जेवण सुरू होऊन पहिली वाढ झाली, तरी कुणी विषय काढेना. आई सगळ्यांना आग्रह करत होती आणि स्वतः ताटात नुसती बोटं फिरवत होती. शेवटी थोरल्यानंच घसा खाकरला. खोली फुकट चालली आहे असं त्याचं म्हणणं नव्हतं. दवाखाना त्यालाही हवा होता, पण मागच्या बाजूला, जिथं पूर्वी बाबांचं औषधांचं कोठार होतं तिथं. पुढची मोक्याची जागा मशीनला द्यावी, लोकांना स्कॅनसाठी दूर जावं लागतं ते वाचेल, घरच्या जागेला भाडं नाही म्हणजे दरही कमी ठेवता येईल. बोलणं बिनतोड होतं. थोरल्याचं बोलणं नेहमीच बिनतोड असायचं, म्हणून तर लहानपणी त्याच्या वह्या लपवाव्या लागायच्या.

कोठारात खिडकी नाही, एवढंच धाकटी म्हणाली. मग राहवलं नाही म्हणून पुढंही बोलली. मशीन एकदा दारात आलं की त्याला रोज माणसं घालावी लागतात, ते बसून राहिलं की त्याचे हप्ते ओरडतात, आणि मग साधं डोकं दुखलं तरी "एकदा बघून घेऊ" सुरू होतं. उपचार महागतात ते असे.

"महागणारच," थोरला म्हणाला. "बाबांच्या वेळी हार्ट अटॅक आला की माणूस जायचा. खर्च काय, तर फुलांचा. आज तोच माणूस स्वतःच्या पायांनी घरी जातो आणि पुढं वीस वर्षं गोळ्या खातो. जगणं महाग असतं, मरण स्वस्त होतं."

हे वाक्य तो कुठल्यातरी परिषदेत बोलून टाळ्या घेऊन आलेला असणार, हे धाकटीला ऐकता ऐकताच कळलं. पण वाक्य खोटं नव्हतं, आणि हीच पंचाईत होती.

 मधली हळूच म्हणाली, की तू तरी माझ्याकडे कमी पाठवतेस का तपासायला? मागच्या आठवड्यात त्या शिंप्याच्या बायकोला नुसता थकवा होता, तरी चिठ्ठीवर अर्धं पान भरून तपासण्या होत्या. धाकटीनं लिहिल्या होत्या खऱ्या. पेशंट समोर बसतो आणि म्हणतो, डॉक्टर, काहीतरी लिहा. नाही लिहिलं तर पुढच्या चौकातल्या डॉक्टरकडे जातो, तो भरपूर लिहितो. आणि काही राहून गेलं, उद्या काही निघालं तर? ही धास्ती तिलाही होतीच. बाबांना नव्हती, किंवा असली तरी त्यांनी त्या धास्तीवर तोड काढली होती.

बाबांची तोड म्हणजे सायकल. ज्याला औषध दिलं नाही, "आजचा दिवस बघू" म्हणून परत पाठवलं, त्याच्या खिडकीखाली संध्याकाळी बाबांची सायकल थांबायची. एक पाय जमिनीवर टेकवून ते वर हाक मारायचे, "काय, उतरला का ताप?" वरून कुणीतरी डोकं काढून उतरला म्हणायचं, की सायकल पुढं. नाही म्हटलं तर बाबा वर. लोक थांबायला तयार व्हायचे ते या सायकलीच्या भरवशावर. धाकटी कधीकधी पुढच्या दांडीवर बसून जायची. कुठल्या खिडकीत कोण आजारी आहे ते तिला पाठ असायचं आणि ती बाबांच्या आधी हाक मारायची. 

आणि दुसरी त्यांची खोड म्हणजे पिशवी. दवाखान्याच्या दारावर पाटीच होती: येताना घरातली सगळी औषधं घेऊन येणे. माणूस आत आला, की नाव-गाव विचारायच्या आधी बाबा म्हणायचे, "पिशवी उलटी करा." मग टेबलावर ढीग पडायचा. काही शेजारणीनं दिलेल्या, काही तीन डॉक्टरांनी तीन वेळा लिहिलेल्या, काही मेलेल्या सासऱ्याच्या उरलेल्या. ही कुणी दिली? कशासाठी? ते दुखणं आता आहे का? नाही ना, मग ही जाऊ दे. आई तेव्हा त्यांच्याच दवाखान्यात नर्स. बाबा तिला लग्नानंतरही सिस्टरच म्हणत. ती शेजारी उभी राहून ठेवायच्या गोळ्या एका बाजूला आणि काढायच्या दुसऱ्या बाजूला करत जायची. औषधकंपन्यांचे लोक आले, की बाबा त्यांना चहा पाजायचे आणि म्हणायचे, "तुझी गोळी चांगली आहे रे, पण तीच आमच्याकडे आहे. नाव तेवढं वेगळं."

रात्री जेवताना आई विचारायची, "आज किती काढल्या?" बाबा आकडा सांगायचे आणि तो मोठा असला की खुशीत येऊन जास्त जेवायचे. मैत्रिणींच्या घरी वडील आज किती कमावलं ते सांगायचे, आपल्याकडे किती काढलं ते सांगतात, याचं धाकटीला तेव्हा फार नवल वाटायचं आणि थोडं कमीपणाचंही.

ती या विचारात असतानाच आई पाण्याचं भांडं आणायला उठली. चार पावलं गेली आणि दाराची चौकट शोधायला हात पुढं केला, पण हात चौकटीच्या बाजूनं हवेत फिरला. थोरल्यानं खुर्ची मागं पाडून तिला धरलं, म्हणून डोकं आपटलं नाही. रंग पार उडाला होता, कपाळावर घाम. एका मिनिटात डोळे उघडून ती म्हणाली, "काही नाही, उठताना जरा होतं असं."

"जरा होतं म्हणजे? आधीपण झालंय?" थोरल्याचा आवाज चढला. तोवर त्याच्या हातात फोन होताच. अँब्युलन्स पाठवा, बेड तयार ठेवा, डोक्याचं स्कॅन आधी, रात्रभर हृदयाचं मॉनिटर, न्यूरोच्या डॉक्टरांना बोलावून ठेवा. दुसऱ्या कुणाच्या आईसाठी त्यानं एवढी धावपळ केली नसती, आणि हेच खरं म्हणजे त्याचं प्रेम होतं. मधलीनं पर्स उघडली. तिच्या पर्समध्ये कंगवा सापडायचा नाही, पण सुई, रक्ताच्या बाटल्या आणि दंडाला बांधायचा पट्टा कायम. तिनं आईची बाही वर केलीसुद्धा.

धाकटीनं खालून रक्तदाबाचं यंत्र आणलं. आईला दिवाणावर आडवं ठेवून मोजला. ठीक होता. मग तिला आधार देऊन उभं केलं आणि पुन्हा मोजला. पारा धाडकन खाली आला. तिनं तोच प्रकार पुन्हा एकदा केला, कारण तिचा स्वतःवर विश्वास बसेना.

"दादा, फोन ठेव जरा," ती म्हणाली.

थोरल्यानं पाऱ्याकडे पाहिलं. तो सर्जन असला तरी बाबांचा मुलगा होता, त्याला समजायला वेळ लागला नाही. त्यानं विचारलं, ही काय काय घेते? तिघांनी एकदम तोंड उघडलं. प्रत्येकाला आपण दिलेली गोळी माहीत होती, दुसऱ्यानं काय दिलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बोलता बोलता तिघंही थांबली. मग धाकटीच्या तोंडून ते शब्द कितीतरी वर्षांनी बाहेर पडले, आणि तेही आईशी बोलताना.

"आई, पिशवी उलटी कर."

"पिशवी कुठली? डबा आहे."

"मग डबा."

"जेवणं होऊ देत आधी. गार होतंय सगळं."

आई टाळत होती. लोकांच्या पिशव्या उलट्या करण्यात जिचं आयुष्य गेलं, ती आपला डबा द्यायला तयार नव्हती. शेवटी मधलीनं स्वयंपाकघरातून तो शोधून आणला आणि उष्ट्या ताटांच्या मधोमध रिकामा केला.

थोरल्यानं चष्मा कपाळावर सरकवून एकेक स्ट्रिप डोळ्यांजवळ नेली. "ही माझी. रक्तदाबाची. हीपण रक्तदाबाची, कुणाची?" मधली म्हणाली, माझी, औषधकंपनीचा माणूस लॅबवर नमुने देऊन गेला होता त्यातली, चांगली आहे म्हणाला. "आणि ही?" ती धाकटीची होती. थोरल्यानं तिन्ही शेजारी शेजारी ठेवल्या आणि स्ट्रिपांच्या मागची बारीक अक्षरं वाचली. मग खुर्चीत मागं टेकला.

"औषध एकच आहे," तो म्हणाला. "नावं तीन, कंपन्या तीन, औषध एक."

मग सगळा गुंता सुटत गेला, आणि सुटताना तिघांचीही मान खाली जात गेली. तिप्पट गोळीनं आईचे पाय सुजले होते. सूज बघून थोरल्यानं लघवीची गोळी दिली होती. त्या गोळीनं अंगातलं पाणी जाऊन अशक्तपणा आला, म्हणून मधलीनं ताकदीच्या गोळ्या आणून दिल्या आणि महिन्याला रक्त काढायला लागली. अशक्तपणा काही हटेना, म्हणून धाकटी हृदयाच्या डॉक्टरांची वेळ घेणार होती. आणि आज चक्कर आली म्हणून खाली अँब्युलन्स येणार होती. तीन डॉक्टर मुलं, तिघांनीही जीव लावून केलेलं. एवढा खर्च एखाद्या अनोळखी माणसाच्या अंगावर कुणी घातला असता, तर बाबा त्या डॉक्टरच्या घरी जाऊन भांडले असते.

मधली आधी हसली, मग तिचे डोळे भरले. "डोक्याचं स्कॅन केलं असतं ना, तर काहीतरी सापडलंच असतं," ती म्हणाली. "या वयात कुणाच्याही डोक्यात एखादा डाग निघतो. माझा नवरा रोज बघतो. मग आपण महिनाभर त्या डागाच्या मागं धावलो असतो, आईला घेऊन."

थोरल्यानं अँब्युलन्सला नको म्हणून सांगितलं. फोन खाली ठेवून तो धाकटीकडे वळला. आवाज शांत होता, म्हणून जास्त लागला.

"यातली एक तुझी आहे. बाबांच्या खुर्चीत बसून दिलेली."

धाकटीला लाज वाटली. साधी, सरळ लाज, कानापर्यंत चढलेली. ती आज खोलीसाठी भांडायला बसली होती ती बाबांच्या जोरावर. ही खोली म्हणजे बाबांची पद्धत, आणि ती मी चालवते, एवढंच तिचं म्हणणं होतं. ती पद्धत तिनं आईपुरतीही चालवली नव्हती. जिना चढून आलेल्या आईचा रक्तदाब तिनं घाईघाईत मोजला, जास्त दिसला, दवाखान्याच्या कपाटातून आणलेली स्ट्रिप हातावर ठेवली आणि खाली पळाली, कारण बाकावर माणसं बसली होती. खोली जाणार असेल तर जाऊ दे, असं तिला त्या क्षणी खरंच वाटलं.

"पण तू सिस्टर होतीस आई," मधली म्हणाली. "तुला कळलं नाही?"

"नावं बदलली गं सगळी," आई दिवाणावर पडल्या पडल्या भिंतीकडे बघत म्हणाली. "आमच्या वेळी बाटलीवर औषधाचं नाव असायचं, कंपनीचं नाही."

थोरल्याला ते पटलं, मधलीलाही पटलं. धाकटीला पूर्ण पटलं नाही, पण आईला आणखी बोलतं करायची तिची ताकद नव्हती. आईनंच विषय मिटवला. म्हणाली, उद्या सकाळी मी खाली येईन, पेशंट म्हणून, नंबर लावून. मला कुणी तपासायचं ते तुम्ही तिघं ठरवा, पण एकानंच. खोलीचं काय ते मी तेव्हा सांगते. मग ती कूस वळवून पडून राहिली. ताटं तिघांनी मिळून उचलली. मधली घासत होती, धाकटी विसळत होती, थोरला अनाडीपणानं पुसत होता. शेवटचं भांडं पुसून झाल्यावर थोरला धाकटीला म्हणाला, "तूच तपास." मधलीनं मान डोलावली.

सोमवारी दवाखाना उघडला, तेव्हा आई खरोखरच बाकावर होती. पदर नीट घेतलेला, हातात डबा. लोकांनी तिला पुढं जायला सांगितलं, पण तिनं ऐकलं नाही. थोड्या वेळानं थोरला आणि मधलीही आली आणि जागा नव्हती म्हणून वेगवेगळ्या बाकांवर बसली. थोरल्याच्या शेजारच्या म्हाताऱ्यानं सरकून त्याला जागा दिली आणि आपुलकीनं विचारलं, तुम्हाला काय होतंय?  पडद्याआडून हे ऐकून धाकटीला हसू आलं, तसंच बरंही वाटलं.

आईचा नंबर आला. ती स्टुलावर बसली. एवढ्या वर्षांत त्या स्टुलाशेजारी ती उभी राहिली होती, त्यावर कधी बसली नव्हती. धाकटीनं घाई केली नाही. नाडी पाहिली, छाती ऐकली, पाय पाहिले, आडवं आणि उभं दोन्ही मोजलं. मग तिनं डबा टेबलावर उलटा केला आणि एकेक गोळी बाजूला सारत गेली. शेवटी ठेवायच्या बाजूला काहीच उरलं नाही.

"आठवडाभर एकही नको," ती म्हणाली. "मग मोजून बघू, लागलीच तर एक. आणखी काही होतंय का?"

  बाहेर कुणीतरी खोकलं, मूल कुरकुरलं, तरी धाकटी हलली नाही.

"मला ठाऊक होतं," आई म्हणाली. "मागं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. चष्मा लावला की दिसतं."

"मग का घेतल्यास?"

"आधी फेकत होते. मग वाटलं, मुलांनी हातानं आणून दिलेलं फेकतेय मी." तिनं टेबलावरचा गोळ्यांचा ढीग उगाचच सारखा केला. "दादा येतो तो स्ट्रिप संपली का बघायला. ताई येते रक्त काढायला. तू तर रोज इथं खाली असतेस. जिना चढून वर येतेस ती हे यंत्र घेऊन. तुम्हा तिघांचं एकमेकांशी पटत नाही, म्हणजे एकत्र काही येत नाही. नको म्हटलं असतं, तर कशाला आला असतात? खोलीचंही तेच. तुला दिली असती तर ती दोघं यायची थांबली असती, त्यांना दिली असती तर तू. म्हणून लांबवत राहिले. आता सगळ्याच गोळ्या बंद केल्यास. आता काय करू ते सांग."

धाकटी उठली. पडदा सारून तिनं थोरल्याला आणि मधलीला आत बोलावलं. दोघं पडद्यापाशी उभी राहिली, काही वाईट निघालंय की काय अशा चेहऱ्यानं.

"मला सांगितलंस ते यांनाही सांग," धाकटी म्हणाली.

आईनं मान हलवली. "तूच सांग. मला नाही जमायचं."

मग धाकटीनं सांगितलं. एक शब्द गाळला नाही, स्वतःचा भागही नाही. मधली मध्येच आईच्या पायाशी बसली आणि तिनं तोंड आईच्या मांडीत लपवलं.  खोली आहे तशी राहू दे, मशीनचं आम्ही दुसरीकडे बघतो, असं काहीतरी थोरला पुटपुटला, पण ते ऐकायला कुणाचं लक्ष नव्हतं. मग तो टेबलाला वळसा घालून आला, खाली वाकला आणि त्यानं आईचं मनगट हातात घेतलं. नाडी मोजायच्या सवयीनं त्याच्या दुसऱ्या हाताची बाही मागं गेली, घड्याळ समोर आलं. त्यानं बाही पुन्हा खाली ओढली आणि हात तसाच धरून बसला.